बारा हजार बैल आणि एक टेकडी

नाशिकहून पेठ रस्त्याने निघालात की पंधरा किलोमीटरच्या आत एक सुटी, सपाट माथ्याची टेकडी दिसू लागते. पायथ्याला आशेवाडी आहे. तिथून रमतगमत चढले तरी तासाभरात माथा गाठता येतो. वनवासात रामाने इथे शेज केली म्हणून नाव पडले रामशेज. रविवारी सकाळी नाशिककर पोह्यांचा डबा घेऊन वर जातात आणि ऊन चढायच्या आत खाली येतात. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, साल्हेर, याच जिल्ह्यातला. त्याच्यापुढे रामशेज म्हणजे अंगणात रांगणारे पोर.

आणि तरीही १६८२ साली, त्या काळी जगातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक असलेल्या मोगल बादशाहीने या पोराला वेढा घातला, तो सुटता सुटेना. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बऱ्हाणपुरात आणि १६८२ च्या मार्चमध्ये औरंगाबादेत पोहोचला होता. शिवाजी महाराज जाऊन दोन वर्षे झाली होती आणि गादीवर संभाजी महाराज होते. सुरुवात छोट्या किल्ल्यापासून करावी, असा विचार असणार. शहाबुद्दीन खान हा नावाजलेला सरदार रामशेजवर आला. त्याला जमले नाही म्हणून बहादूरखान आला, मग कासिमखान. किल्ला मोगलांच्या हाती यायला साधारण पाच वर्षे लागली, आणि अखेर तो मिळाला तोही लढून नव्हे, फितुरीने.

मावळ्यांची जिद्द हे याचे उत्तर आपण शाळेतच शिकलो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. जिद्द दोन्हीकडे असू शकते. कमी माणसांची जिद्द जास्त माणसांच्या जिद्दीला पुरून कशी उरते, हा खरा प्रश्न. त्यासाठी तलवारी जरा बाजूला ठेवू आणि पोती मोजू.

वळसा घालून पुढे का जायचे नाही?

पहिली शंका साधी आहे. टेकडी मिळत नसेल तर सोडून द्यावी, बाजूने पुढे जावे. किल्ला काही पाय फुटून मागे येत नाही.

किल्ला येत नाही, पण किल्ल्यातली माणसे येतात. घरात उंदीर शिरला म्हणून आपण घर सोडत नाही, तसे त्याला विसरूनही झोपत नाही. तो दिवसभर कणगीमागे बसतो आणि दिवा मालवला की बाहेर पडतो. किल्ल्यावरची शिबंदी नेमकी हेच करी. मोठी फौज समोरून गेली की गप्प बसायचे. तिच्या मागून धान्याचा तांडा, खजिन्याची उंटे, डाक घेऊन जाणारा जासूद दिसला की खाली उतरायचे, लुटायचे आणि पुन्हा दरवाजा लावून घ्यायचा. रामशेज नाशिकच्या उशाशी आहे. इथून पेठमार्गे घाट उतरला की खाली कोकण आणि पुढे गुजरात. वाटेवरचा असा किल्ला मागे सोडणे म्हणजे आपल्याच शिदोरीची दोरी शत्रूच्या हाती देणे.

म्हणजे किल्ला आजूबाजूचा मुलूख अडवतो तो भिंतींनी नाही, भीतीने. तोफेचा गोळा काहीशे पावले जाईल, पण या भीतीचा पल्ला एका रात्रीत घोडा जेवढा जाऊन परत येईल तेवढा. युद्धशास्त्र शिकवताना ही गोष्ट वर्तुळे काढून दाखवतात. नकाशावर प्रत्येक किल्ल्याभोवती असे एक वर्तुळ काढा. सह्याद्रीत ती वर्तुळे एकमेकांत इतकी गुंतलेली दिसतील की मोठ्या फौजेला पाय ठेवायला मोकळी जागा उरत नाही.

घेराचे गणित

ठीक, वळसा नको. वेढा घालू. वेढा म्हणजे काय, तर आत काही जाऊ न देणे आणि बाहेर काही येऊ न देणे. हे बोलायला सोपे आहे. रानडुकरांपासून शेत राखणाऱ्याला विचारा: एका बांधावर माचाण घातले की डुक्कर दुसऱ्या बांधाने येते. रात्री टेकडीला सगळीकडून राखण हवी.

सोयीसाठी पायथ्याचा घेर सहा किलोमीटर धरू. काळोखात माणूस निसटू नये म्हणून दर दोन मीटरला एक पहारेकरी ठेवला तर तीन हजार माणसे लागली. माणूस चोवीस तास जागत नाही, म्हणून तीन पाळ्या. झाले नऊ हजार. आणि यातला एकही जण अजून लढलेला नाही, नुसता उभा आहे. त्यातून झाडी, ओढे, अवघड कडे आहेत. कडा चढता येणार नाही म्हणून पहारेकरी जिथे डुलक्या काढतो, नेमकी तिथूनच आतल्या माणसाची वाट असते.

वरच्यांना मात्र घेर राखायचा नसतो. त्यांच्यासाठी तो कड्यांनी राखलेलाच असतो. त्यांना राखायचे असतात एक-दोन दरवाजे आणि चढाच्या दोन-चार जागा. रामशेजवर सहाशे माणसे होती असे परंपरेने सांगतात. या हिशेबात सहाशे माणसे थोडी नाहीत, भरपूर आहेत.

बैलांचा हिशेब

आता ही फौज जेवायला बसवू. पुढचे आकडे माझे आहेत, कागदपत्रांतले नाहीत, पण शेतकऱ्याला पटतील असे.

बाहेर दहा हजार स्वार आहेत आणि तितकीच घोडी, असे समजा. माणसाला दिवसाला किलोभर धान्य लागले तर दहा टन. कष्टाच्या घोड्याला चारा सोडून चार किलो चंदी लागली तर चाळीस टन. एकूण पन्नास टन, रोज. लढाई असो वा नसो. यात खानाचा मुदपाकखाना, हत्ती, मोतद्दार, लोहार, बाजारबुणगे धरलेले नाहीत. मोगल छावणीत लढणाऱ्यापेक्षा न लढणारे कधीच कमी नसत.

पाठीवर शंभर किलो वाहणारा बैल धरला तर पन्नास टनांसाठी पाचशे बैल रोज छावणीत शिरायला हवेत. येणार कुठून? आसपासचा मुलूख पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच खरवडून होतो. मग औरंगाबादेकडून. बैल दिवसाला पंधरा किलोमीटर चालतो. बारा दिवस यायला, बारा दिवस जायला. म्हणजे आज पोती टाकून गेलेला बैल पुन्हा दिसणार चोवीस दिवसांनी. रोज पाचशे यायचे तर वाटेवर सतत पाचशे गुणिले चोवीस बैल चालते असले पाहिजेत.

बारा हजार बैल. एका टेकडीसाठी.

आणि वरचे? सहाशे माणसांना सहाशे किलो. रोजचे सहा बैलांचे ओझे. बैलही नकोत खरे तर. पाठीवर वीस-वीस किलोची पोटली घेऊन अमावास्येच्या रात्री तीस माणसे चोरवाटेने चढली तरी एका दिवसाची सोय झाली. शिवाय अंबारखान्यात आधीचे धान्य आहेच. बाहेरचा पुरवठा आठवडाभर तुटला तर छावणीत हाहाकार. आतला तुटला तर कोठार सांभाळणारा कारखानीस फक्त माप थोडे लहान करतो.

फौजेला खाऊपिऊ घालून, दारूगोळा देऊन चालती ठेवण्याच्या या खटाटोपाला आपल्याकडे नेमका शब्द आहे: रसद. मोगल फौजांची बरीचशी रसद बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. बंजारे कुणाचे चाकर नव्हते, व्यापारी होते. जिथे दाम आणि वाटेत सलामती, तिथे ते जात. वाटेतली सलामती घालवणे हेच मराठी घोडदळाचे काम होते. संभाजी महाराजांनी रामशेजच्या मदतीला रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना पाठवले. बाहेरून अशी तुकडी फिरू लागली की वेढा घालणाऱ्याची पाठ उघडी पडते. पुढे तोंड करावे तर किल्ला, मागे वळावे तर स्वार. दहा वर्षे आधी साल्हेरला हेच मोठ्या प्रमाणात झाले होते. वेढा घालून बसलेल्या मोगलांवर १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर बाहेरून चालून आले आणि वेढा घालणारेच दोन दगडांमध्ये सापडले. (जागतिक वारशाच्या यादीत २०२५ साली महाराष्ट्र-तमिळनाडूतले बारा किल्ले गेले, त्यात साल्हेर आहे. रामशेज नाही. मोठ्या भावाचे कौतुक होताना धाकट्याने कोपऱ्यात उभे राहावे, तसे झाले.)

चौकट: चार शब्द

*शिबंदी:* किल्ल्याच्या राखणीसाठी नेमलेली फौज. तिने मैदानात जिंकायचे नसते, फक्त टिकायचे असते.
*मोर्चा:* वेढा घालणाऱ्यांनी आडोसा करून पुढे सरकवलेली जागा. आजच्या मोर्च्याचा पूर्वज.
*दमदमा:* किल्ल्याच्या उंचीशी बरोबरी करायला उभारलेला मातीचा किंवा लाकडाचा बुरूज.
*डावपेच आणि रणनीती:* समोरची लढाई कशी लढायची हा डावपेच. कोणती लढाई, कधी, कुठे लढायची आणि कोणती लढायचीच नाही, ही रणनीती.

कातळ कुणाच्या बाजूने

भुकेने जमत नसेल तर जोराने घ्या. इथे आपला दगड आडवा येतो. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर. थाळीपिठांची चळत ठेवावी तसा. प्रत्येक थराची कड उभी, माथा आडवा. म्हणून आपल्या किल्ल्यांना भिंत बांधावी लागते ती थोडीच, उरलेली निसर्गाने बांधून ठेवलेली असते. माथा सपाट, त्यामुळे राहायला जागा. दगड घट्ट, त्यामुळे खोदलेल्या टाक्यात पाणी टिकते. एक पावसाळा नीट झाला की वर्षाची पाण्याची चिंता मिटली. रामशेजच्या माथ्यावरची टाकी आजही पाहता येतात.

हा कातळ फोडायचे तीन मार्ग. पहिला तोफ. पण खालून वर मारलेला गोळा चढताना दम गमावतो, वरून खाली सोडलेला धोंडा उतरताना दम कमावतो. धोंड्याला दारूही लागत नाही. रामशेजवर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकूड कोरून त्यावर कातडे आवळून तोफा केल्या होत्या, असे खाफीखान या मोगलांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. ऐकायला गंमत वाटते. पण जवळच्या चढावर दगडगोटे फवारायचे तर भक्कम तोफ लागतच नाही. चार बार निघाले की पुरे, मग नवे लाकूड.

दुसरा मार्ग सुरुंग. मातीत तो सोपा, काळ्या पाषाणात जीवघेणा, आणि पेटला तरी स्फोट कुठल्या बाजूला फुटेल याचा नेम नाही. १७०० साली साताऱ्याच्या वेढ्यात मोगलांचा एक सुरुंग बाहेरच्या बाजूला उडाला आणि हल्ल्यासाठी जमलेली त्यांचीच माणसे शेकड्यांनी गाडली गेली.

तिसरा दमदमा. रामशेजसमोर लाकडाचा प्रचंड दमदमा उभारला होता. त्यासाठी किती रान तुटले असेल, ते ओढायला आणखी किती बैल! वेढा उठवताना मोगलांनी तो जाळून टाकला असे सांगतात. बहादूरखानाने तर भुते काबूत ठेवण्याचा दावा करणाऱ्या एका मांत्रिकालाही कामाला लावले होते. त्याने सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हाती धरून फौजेच्या पुढे चालला. वरून गोफणीचा दगड आला, नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. हीही खाफीखानाचीच कथा, तिखटमीठ वेगळे काढून घ्यावे. पण शिकलेला सेनापती मांत्रिकाकडे जातो ही गोष्ट मला बरेच काही सांगते. त्याचे सगळे हिशेबी मार्ग संपले होते.

दसरा ते मृग

वेढ्याचा खरा वैरी पावसाळा. नाशिकच्या पश्चिमेचा पट्टा पावसाचा. जूनमध्ये काळी जमीन फुगली की तोफेचे चाक आसापर्यंत रुतते, बैल बसतात, चंदीला बुरशी धरते, घोड्यांचे खूर कुजतात, मोर्च्याच्या चरात गुडघाभर पाणी. वर मात्र टाकी भरत असतात. एकच पाऊस, खाली रोग आणि वर रसद.

आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन आहे, ते यामुळे. सोने वाटणे आज राहिले, पण मुळात ते मोहिमांचे वेळापत्रक होते. पीक हाती आले, नद्या उतरल्या, वाटा वाळल्या की निघायचे आणि मृगाआधी परतायचे. म्हणजे हल्लेखोराला वर्षातले सातएक महिने. त्यातला एखादा यायला, एखादा जमवाजमव करायला. किल्ल्याने उरलेले दिवस काढले की आकाश त्याच्या मदतीला येतेच. किल्ला हे वेळ विकत घेण्याचे यंत्र आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने. मूठभर माणसांचे दिवस आत घालायचे, त्या बदल्यात शत्रूच्या हजारो माणसांचे दिवस बाहेर पडतात.

फितुरी आणि तीन किल्ल्या

या यंत्राला एकच स्वस्त चावी आहे: आतला माणूस. बारा हजार बैल वर्षानुवर्षे पोसण्यापेक्षा किल्लेदाराला मोठी रक्कम देणे कितीतरी परवडते. रामशेज अखेर असाच गेला. १६९९ नंतर औरंगजेब म्हातारपणी स्वतः किल्ले घ्यायला निघाला, तेव्हाही बरेच किल्ले मुख्यतः पैशाने आणि वाटाघाटीने हाती आले, आणि त्यांतले कित्येक मराठ्यांनी परत घेतले. १७०७ साली तो भिंगारला वारला, तेव्हा दख्खनेत येऊन त्याला पंचवीस वर्षे झाली होती.

या धोक्यावर शिवाजी महाराजांनी बसवलेली व्यवस्था बँकेतल्या लॉकरसारखी होती. लॉकर एका किल्लीने उघडत नाही. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी असत, वेगवेगळ्या जातींचे. दरवाजा एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, शिबंदी तिसऱ्याकडे. किल्ला विकायचा तर तिघांनाही विकत घ्यावे लागे आणि तिघांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा लागे. शूरांवर भिस्त ठेवणे सोपे. माणूस विकला जाऊ शकतो हे धरून व्यवस्था बांधणे अवघड, आणि मला ती महाराजांची अधिक मोठी बुद्धी वाटते.

युद्धाचा व्यावसायिक अभ्यास अशाच प्रश्नांवर उभा असतो. आपल्या देवळालीला लष्कराची तोफखान्याची शाळा आहे. अशा संस्थांमधून अधिकाऱ्याला कोण शूर होता हे विचारत नाहीत. अंतर किती, वाट कसली, गोळे किती उरले, पाऊस कधी, आणि यातले काही चुकले तर काय, हे विचारतात. वाळूत डोंगर-नद्या उभ्या करून त्यावर लढाई आधी खेळून पाहतात. प्रशियात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा युद्धखेळ सेनाप्रमुखांपुढे ठेवला, त्यात फासेही होते. फासे कशासाठी? अचानक आलेला पाऊस, चुकलेला निरोप, लंगडा बैल, हे सगळे खेळात यावे म्हणून.

भिंती नसलेला किल्ला

हेच गणित उलटे करता येते. शत्रूला किल्ल्याशी अडकवण्याऐवजी त्यालाच उघड्या रानात कोंडायचे. ते १७२८ साली पालखेडला झाले. नाशिककर पालखेड म्हटले की धरण आणि डावा कालवा धरतात. ते पालखेड कादवेवरचे. लढाईचे पालखेड वैजापूर तालुक्यातले.

दख्खनच्या निजाम-उल-मुल्काने शाहू महाराजांच्या चौथाईवर आक्षेप घेतला आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांची बाजू उचलली. त्याचा तोफखाना उत्तम होता, समोरासमोर लढणे म्हणजे त्याच्या तोंडी जाणे. शाहूंच्या पेशव्याने, थोरल्या बाजीरावाने, ते केलेच नाही. जालन्याकडे मुलूख लुटला, मग बऱ्हाणपूरवर जाण्याची हूल दिली, तिथून खानदेशातून गुजरातेत. निजाम काही काळ मागे धावला, मग कंटाळून पुण्यावर गेला आणि पुणे घेतलेही. तुमचा घरचा मुलूख पडला की तुम्ही परत याल, असा हिशेब. बाजीराव पुण्याला आला नाही. तो औरंगाबादेवर निघाला. आता निजामालाच परतणे भाग पडले.

खो-खो पाहिला असेल तर हे चटकन कळेल. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही. पळणारा मात्र खांबाला वळसा घालून कुठेही जातो. तोफा, गाडे, बाजार घेऊन चालणारी फौज ही अशी दिशा धरलेली असते. निजाम घाईने निघाला, जड तोफा मागे पडल्या, आणि फेब्रुवारीअखेर पालखेडजवळ त्याला कळले की सगळीकडे मराठी स्वार आहेत. धान्य येईना, चारा येईना, पाणी मिळेना. बाजीरावाने हल्ल्याची घाई केली नाही. आतली मोठी फौज रोज किती खाते-पिते हे त्याला पक्के ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी याने १९६८ साली युद्धाचा इतिहास लिहिला, त्यात या मोहिमेची वाखाणणी आहे. वाळवंटात पेट्रोल आणि पाण्याचे हिशेब केलेल्या माणसाला ती आवडली नसती तरच नवल.

या निजामाचे वडील कोण, हे वाचकांना सांगायचे राहिले. मीर शहाबुद्दीन. रामशेजला पहिला वेढा घालून बसलेला तोच खान. तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. बापाला एका टेकडीवरची सहाशे माणसे उपाशी मारता आली नाहीत. मुलाच्या फौजेला मराठ्यांनी शेहेचाळीस वर्षांनी सपाट मैदानात, एकही भिंत न बांधता, घशाला कोरड आणून दाखवली. निजामाने बोलणी लावली, पाण्याकडे जाऊ देण्याची विनंती केली आणि बाजीरावाने ती मानली. ६ मार्च १७२८ रोजी तह झाला तो मुंगी-शेवगावला. मुंगी गोदावरीच्या काठी आहे. निजामाच्या घोड्यांनी तिथे प्यायलेले पाणी नाशिकवरूनच वाहत आलेले होते.